आज भरती साडेचारला

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक फळा होता. बदली तास, बैठकीची वेळ, कोण रजेवर आहे असल्या गोष्टी त्यावर लिहायच्या, असा नियम. पण उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात खडूनं एक चौकट आखलेली असे आणि तिच्यात रोज सकाळी एक ओळ उमटे: 'आज भरती साडेचारला.' दुसऱ्या दिवशी, 'आज भरती सव्वापाचला.' शाळा नाशिकला. समुद्र एसटीनं सहा तास लांब, मध्ये अख्खा सह्याद्री. गोदावरीला पूर येऊन पंचवटीतली दुकानं बुडाली तरी त्याची खबर त्या फळ्यावर नसे. भरतीची मात्र न चुकता असे.

लिहिणारे होते आमचे भूगोलाचे सर. शाळेत सगळे त्यांना भरती सर म्हणत, आणि मागच्या बाकांवरची पोरं ओहोटी सर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मराठी शिकवायला या शाळेत लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ती चौकट पुसून तिथं वाचनालयाची सूचना लिहिली. मधल्या सुट्टीत सर आले, फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"देवरेबाई, ती चौकट पुसायची नाही."

"पण सर, नाशिकला समुद्र कुठाय?"

"म्हणून काय भरती यायची थांबते?"

मी माझी सूचना पुसली.

हे वेळापत्रक ते कुठून आणतात, याचा उलगडा त्यांनी त्याच दिवशी केला. मी विचारलं नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, अष्टमीला बरोबर सहा. तरुणपणी कोकणातल्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं त्यांना हे शिकवलं होतं आणि तेव्हापासून त्यांनी ते दिसेल त्याला शिकवायचा सपाटा लावला होता. आमच्या शिपायाला, कचरूभाऊंना, सतराचा पाढा येत नव्हता, पण पाऊणपट तोंडपाठ होती. मी अजूनही लग्नपत्रिका हातात आली की आधी तिथी बघते आणि मुहूर्ताला पाणी कुठं असेल याचा हिशेब मनात सुरू होतो. डोक्यात गेलेली खोड जाता जात नाही.

उशिरा येणाऱ्या शिक्षकांना ऐकवायला त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "समुद्र दिवसातून दोनदा येतो, तुम्हाला एकदा यायला जमत नाही?" एकदा सिडकोहून येणारी माझी बस चुकली आणि मला हे ऐकावं लागलं. मीही तापलेलीच होते. म्हटलं, "तुमचा समुद्र रोज पाऊण तास उशीर करतो की सर!"

"करतो," ते शांतपणे म्हणाले, "पण सांगून करतो."

एवढं समुद्राचं वेड घेऊन हा माणूस जन्मला कुठं, तर नांदगावला. तिथं त्यांच्या लहानपणी नळाला पाणी कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसे. घरातलं एक माणूस कायम नळापाशी बसवलेलं, आणि ते माणूस म्हणजे बहुतेक वेळा हेच. "दोनदोन दिवस कोरड्या नळाकडं बघत बसलोय मी," ते सांगत. "पुढं समुद्र पाहिला. एवढं पाणी, आणि वेळेवर येतं! मी तर येडाच झालो." शाळेत कुणी नळ ठिबकता सोडला की सर वर्गातून धावत बाहेर येत. तेव्हा त्यांच्या तोंडी अस्सल नांदगावची भाषा येई आणि ती मराठीच्या शिक्षिकेनं लिहून काढण्यासारखी नसे.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण वर्षातून एकदा सहल येई.

आमची सहल दर हिवाळ्यात कोकणातल्या एकाच बंदराला जायची. गावाचं नाव लिहीत नाही, सरांच्या नावाखाली उगाच त्या गावाची बदनामी नको. दिवस ठरायचा पंचांगावरून. अष्टमीच हवी, कारण अष्टमीला भरती सहाला आणि हिवाळ्यात सूर्यही त्याच सुमारास बुडतो. शुद्ध असो वा वद्य, परीक्षा असो वा इन्स्पेक्शन, सहल अष्टमीलाच. मुख्याध्यापक कपाळाला हात लावत. कसारा घाटात पोरं ओकत, लिंबं संपत, माझ्या साडीची वाट लागे, आणि पाचच्या सुमारास आमचा लाल डबा एकदाचा त्या बंदरावर पोचे. आडगाव-मखमलाबादची ती पोरं, जन्मात समुद्र न पाहिलेली. ती धावत सुटणार, तोच सर खाली उतरून हात वर करत.

"बसा सगळे. रांगेत. कुणी उठायचं नाही. धक्का जुना आहे. आधी मी बघून येतो."

आणि पन्नास पोरं माझ्या अंगावर टाकून, काखेत छत्री घेऊन, सर एकटे धक्क्यावरून चालू लागत. धक्का लांब, पार खोल पाण्यात गेलेला. सर इतके सावकाश चालत की बघणाऱ्याचा जीव जाई. मध्येच थांबत, छत्रीचं टोक खाली आपटत, पुन्हा चालत. लहान लहान होत टोकाला पोचत आणि तिथं पुतळ्यासारखे थांबत. इकडे पोरांना तहान लागलेली, कुणाला लघवीला, कुणाला भेळ हवी, कुणी वाळूत दुसऱ्याची चप्पल पुरलेली. सूर्य बुडायला आलेला. "बाई, सर झोपले का वो तिकडं?" असं पोरं विचारत, आणि मला दर वर्षी तीच शंका येई. अर्ध्या तासानं सर परत येत, तोंडावर गंभीर भाव.

"ठीक आहे. चला. दोनदोनच्या जोड्या करा."

दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, "सर, मीही येते. दोघांनी बघितलं तर लवकर होईल."

"तपासणी एकट्यानंच करायची असते, बाई."

तिसऱ्या वर्षी मी बोट दाखवून म्हटलं, "ते बघा, धक्क्यावर केवढी माणसं ये-जा करतायत."

"ते कोळी आहेत. त्यांना पोहता येतं. आपली पोरं मखमलाबादची."

पोरांना ते दोन तुकड्यांत नेत. पहिली तुकडी गेली की मी दुसरी सांभाळायची, दुसरी गेली की पहिलीची डोकी मोजायची, आणि शिवाय पन्नास जणांच्या चपला नि पिशव्या राखायच्या. अकरा वर्षं मी त्या बंदरावर गेले. अकरा वर्षांत माझं पाऊल धक्क्याला लागलं नाही.

मला राग यायचा, पण तो पुरता काढता येत नसे. त्याला कारण सरांचं घर. पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी खाट आणि खाटेवर वहिनी. मी शाळेत लागायच्या आधीच त्यांना अर्धांगवायू झाला होता. मूलबाळ नव्हतं. दिवसभर शेजारची एक बाई बघायची, ती साडेपाचला निघून जाई, म्हणून सर शाळा सुटली की एक मिनिट थांबत नसत. स्नेहसंमेलन असो, कुणाचा निरोप समारंभ असो, "घरी जरा काम आहे" म्हणून सायकलवर बसत. ते काम म्हणजे काय, ते मी एकदा अवेळी गेले तेव्हा पाहिलं. सर वहिनींची वेणी घालत होते. पेड चुकला होता आणि दोघंही एकमेकांवर वैतागले होते. "हलू नकोस म्हटलं ना!" सर ओरडले. मला पाहून ओशाळले आणि चहा टाकायला आत गेले.

वहिनींचं बोलणं अडखळत यायचं, पण कळायचं. त्या मला म्हणाल्या, "सहल काढा हं यंदा. मोडू नका." मला वाटलं, नवऱ्याच्या हौसेसाठी सांगतायत. तर म्हणाल्या, "तिकडून आले की महिनाभर ओरडत नाहीत माझ्यावर."

वर्षातली ती एक संध्याकाळ पदरात पडावी म्हणून नांदगावहून वहिनींची बहीण दोन दिवस येऊन राही. ती बाई शेतीवाडी, गुरंढोरं सोडून येणार, तिची सवड, शाळेची सवड आणि अष्टमी, एवढं सगळं जुळलं तरच सर निघू शकत. हे कळल्यावर मी सहलीच्या बाबतीत सरांच्या बाजूनं भांडू लागले. चिडणं मात्र थांबवलं नाही. वाळूवर बसून पन्नास पोरं सांभाळताना कुणाला दुसऱ्याचा विचार सुचतो?

सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. मुख्याध्यापक म्हणाले, यंदा समुद्र पुरे, लेणी बघायला जा. मी चार दिवस त्यांच्या मागं लागले, शेवटची सहल आहे हो सरांची, म्हणून गळ घातली. अखेर ते कंटाळून म्हणाले, "जा. पण दिवस तुम्ही ठरवा, बाई. त्यांच्या अष्टमीपायी मला पुन्हा वेळापत्रक मोडायचं नाही." मी कॅलेंडर उघडलं आणि मला पौर्णिमा दिसली. मी मराठीची बाई. पौर्णिमेला सागराला उधाण येतं, हे कवितेत शिकवून शिकवून माझा घसा बसलेला. म्हटलं, निरोपाला याहून चांगला दिवस कुठला? वर पूर्ण चंद्र, खाली धक्क्याला धडका देणारं पाणी, आणि मध्ये सर. मी कुणाला न विचारता फळ्यावर लिहून टाकलं.

सर आले. खडू हातात घेऊन त्यांनी ते वाचलं. "पौर्णिमा?"

"हो सर. खास तुमच्यासाठी."

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "बरं केलंत." आणि आपल्या चौकटीत नेहमीप्रमाणे आजची वेळ लिहायला लागले.

आम्ही बंदरावर उतरलो तेव्हा समुद्र नव्हता. खोटं सांगत नाही, नव्हताच. जिथवर नजर जाईल तिथवर चिखल, त्यात होड्या एका कुशीवर कलंडलेल्या, आणि धक्का उंच लांबलचक कोरडा. पाण्याची एक चकाकती रेघ पार तिकडे क्षितिजापाशी. मग एक मुलगी मला म्हणाली, "बाई, समुद्र संपला का?"

मासळीची पाटी घेऊन चाललेली एक बाई हसायलाच लागली. "अवो, आज पुनव नाय का? पुनवेला पानी सांजचं पार भाईर जातं!"

पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला, म्हणजे संध्याकाळी पुरती ओहोटी, आणि तीही वर्षातल्या मोठ्यातली मोठी. अकरा वर्षं रोज हा हिशेब डोळ्यांसमोर होता आणि ऐन वेळी मी कवितेवर विसंबले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षात एक संध्याकाळ मिळते या माणसाला, आणि त्यातली शेवटची मी चिखलात घातली.

सरांनी हात वर केला. "बसा सगळे. आधी मी बघून येतो." आणि छत्री काखेत मारून नेहमीसारखे निघाले. त्या दिवशी त्यांनी अर्ध्याचा पाऊण तास केला. परत आले ते पायऱ्यांवरून खाली उतरून, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. "तीस वर्षांत धक्क्याचे पाय पहिल्यांदा बघितले," म्हणाले. मग पोरांना धक्क्याच्या किनाऱ्याकडच्या खांबांपाशी नेलं. खांबांना कालवांचे शिंपले चिकटलेले होते, सरांच्या डोक्याच्याही वर हातभर. सरांनी छत्री उंच करून टोक तिथं टेकवलं. "आत्ता आपण उभे आहोत ना, तिथं रोज दोनदा इथवर पाणी येतं." पोरांनी माना वर केल्या. त्यांचा इतका चांगला तास मी दुसरा पाहिलेला नाही.

बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. "सर, तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीत? एरवी माझ्या प्रत्येक गोष्टीत चूक काढता!"

"दिवस पुन्हा ठरवायचा म्हटलं असतं, तर मुख्याध्यापकांनी सहलच रद्द केली असती." ते पँटवरचा चिखल नखानं खरवडत होते. "ओहोटी तर ओहोटी."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त त्यांचा राग आला. जन्मभर बोलून बोलून जगाला वात आणणारा माणूस नेमका बोलायच्या वेळी गप्प बसला होता.

सर निवृत्त झाले. वाटलं, फळा सुटला. तर पहिल्याच सोमवारी मधल्या सुट्टीत कचरूभाऊ सांगत आले, "बाई, भरतीचा फोन हाय." ऑफिसात जाऊन रिसीव्हर उचलला, तर पलीकडून, "लिहा. पावणेचार." मग रोजच. मी चिडून म्हटलं, "सर, मला पाऊणपट येते."

"पौर्णिमेला आली नव्हती," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

निवृत्तीनंतर दोन-अडीच वर्षांनी वहिनी गेल्या. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि मी सरांच्या मागं लागले की आता जाऊन या. चार दिवस, आठ दिवस, हवे तेवढे दिवस राहा बंदरावर. "जाईन," ते म्हणत. आधी थंडी कमी होऊ दे, मग गुडघा बरा होऊ दे, मग पावसाळा संपू दे. माझ्या यजमानांनी एसटीचं रिझर्व्हेशन करून तिकीट हातात नेऊन दिलं, ते त्यांनी परत पाठवलं. तेव्हा मी तणतणत पंचवटीत गेले. सर रिकाम्या खाटेवरची चादर झटकून पुन्हा तशीच अंथरत होते.

"सर, हा काय प्रकार आहे? आता तर तुम्हाला कुणी अडवणारंही नाही!"

"तेच तर, देवरेबाई," ते म्हणाले, आणि उशी नीट ठेवली.

मला तेव्हा काहीच कळलं नाही. असल्या हट्टी माणसापुढं डोकं फोडण्यात अर्थ नाही, असं म्हणून मी भाजी घेऊन घरी आले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एका दुपारी कचरूभाऊ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "बाई, आज फोन नाय आला." आम्ही दोघं फळ्याकडे बघत राहिलो. सर पहाटे झोपेतच गेले होते, हे संध्याकाळी समजलं. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. मी चौकटीत 'आज भरती सव्वाआठला' लिहिलं आणि खडू ठेवून तासावर गेले. वर्गात गेल्यावर लक्षात आलं की मी पुस्तकच आणलेलं नाही.

त्या हिवाळ्यात मी हट्टानं सहल बंदराला नेली. मधली काही वर्षं आम्ही लेणीच बघत होतो. या वेळी अष्टमी. बरोबर सोनवणे नावाचे नवे तरुण सर, हातात मोबाइल. पोरं धावत सुटणार, तोच माझा हात आपोआप वर गेला. "बसा सगळे. धक्का जुना आहे. आधी मी बघून येते." मला खरंच तसं वाटत होतं. परक्यांची पोरं, इतक्या वर्षांत कुणी तपासलेलं नाही. सोनवणे सरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी नीट ओळखते. अकरा वर्षं ते माझ्याच चेहऱ्यावर होतं.

मी चालू लागले. धक्का आठ-दहा माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढा रुंद होता. दोन्ही बाजूंना कठडा. मी भेगा शोधत होते, पाय आपटून बघत होते. टोकाला पोचले, तर तिथं बर्फाच्या लाद्यांनी भरलेला एक टेम्पो उभा. शेजारी एक म्हातारा कोळी जाळं सांधत बसला होता. मी त्याला विचारलं, "बाबा, हा धक्का मजबूत आहे ना? मुलांना आणायचंय."

"याला काय व्हतंय? ट्रक येतात हितवर." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "पूर्वी एक मास्तर यायचे. छत्रीवाले."

"हो, आमचेच. काय करायचे ते इथं?"

"काय नाय. बसायचे," तो म्हणाला, आणि होडीचा दोर बांधायच्या लोखंडी खुंटाकडे त्यानं मान हलवली.

लबाड माणूस! अकरा वर्षं! पन्नास पोरं, चपला, पिशव्या, माझी ओकारीनं भरलेली साडी, आणि हे इथं बसायचे! मी एवढी संतापले की सर समोर असते तर मुख्याध्यापकांपुढं उभं केलं असतं. तणतणत वळले आणि किनाऱ्याकडे पाहिलं. पोरं वाळूवर ठिपक्यांसारखी दिसत होती. सोनवणे सर हातवारे करून कुणावर तरी ओरडत असावेत. मला काहीही ऐकू येत नव्हतं. कुणाचा आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता, आणि पाणी धक्क्याला लागून वर चढत होतं.

तोवर माझ्या घरी सासूबाईंना विस्मरणाचा आजार जडला होता. "मी जेवले का गं?" असं त्या दिवसातून वीसदा विचारत. दहा वेळा मी नीट सांगे, अकराव्यांदा ओरडे, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावे. त्या दिवशीही निघताना ओरडूनच आले होते. वहिनींचं ते अडखळतं वाक्य मला आठवलं. सरांचं रिकाम्या खाटेपाशी म्हटलेलं 'तेच तर' आठवलं, आणि ते इतक्या वर्षांनी कळलं. मी खुंटावर बसले. सूर्य बुडाला, पाणी पुरतं चढलं, तरी मी आणखी पाच मिनिटं तिथंच बसून राहिले.

परत आले, तर सोनवणे सर घड्याळ बघत होते. "बाई, झाली का तपासणी? पुढच्या वेळी मी येतो बरोबर, लवकर होईल."

"तपासणी एकट्यानंच करायची असते," मी म्हटलं. "चला, दोनदोनच्या जोड्या करा."

घरी आल्यावर मी सासूबाईंवर अठरा दिवस ओरडले नाही. सरांना महिनाभर जमायचं.